सातपुड्याच्या पायथ्याशी बॉल डेलियाची लागवड

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



आपल्या नंदुरबार जिल्ह्यात फूलशेती म्हटले की झेंडू, शेवंती आणि गुलाब ही नावे प्रथम पुढे येतात. डेलिया मात्र बंगल्याच्या बागेत किंवा कार्यालयाच्या आवारातील कुंडीतच पाहायला मिळतो. आपल्याकडील हिवाळा या पिकाला मानवतो, तरीही शेतकरी त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. याचे मुख्य कारण असे, की पहिल्या वर्षी फुले चांगली येतात, परंतु उन्हाळ्यात कंद सुकतात किंवा कुजतात आणि दुसऱ्या वर्षी बियाणे पुन्हा विकत घ्यावे लागते. म्हणून आज लागवडीबरोबरच कंद जपण्याविषयी मी थोडे सविस्तर बोलणार आहे. डेलियाचा नफा फुलात दिसत असला, तरी तो टिकतो कंदात.

बॉल डेलिया म्हणजे काय?

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातील. १९६३ पासून ते त्या देशाचे राष्ट्रीय फूल आहे. दिवसा ऊन आणि रात्री गारवा अशा हवेत वाढलेले हे झाड असल्याने त्याला कडक उन्हाळा सोसत नाही आणि दहिवरही सोसत नाही.

फुलाच्या आकारावरून डेलियाचे अनेक प्रकार पडतात. बॉल प्रकाराचे फूल चेंडूसारखे गोल असते. पाकळ्या टोकाला बोथट, आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींना घट्ट चिकटून असतात. साधारणपणे साडेतीन इंचांपेक्षा मोठ्या फुलाला बॉल, दोन ते साडेतीन इंचांच्या फुलाला मिनिएचर बॉल आणि त्याहून लहान फुलाला पॉम्पॉन म्हणतात. ताटाएवढ्या मोठ्या डेलियाच्या पाकळ्या वाहतुकीत लगेच दुमडतात. बॉल प्रकाराचे फूल त्यामानाने आटोपशीर असते व दांडाही ताठ असतो. म्हणून बागेच्या कडेला आणि फुलदाणीसाठी हाच प्रकार निवडावा.

जमीन व हंगाम

पाण्याचा निचरा होणारी, मध्यम, सेंद्रिय पदार्थयुक्त जमीन उत्तम. सामू साडेसहा ते सातच्या आसपास असावा. शहादा, तळोदा आणि नंदुरबार तालुक्यांतील तापीकाठची काळी जमीन पाणी धरून ठेवते. अशा ठिकाणी सपाट वाफ्यात लागवड करू नये. एक फूट उंचीचे गादीवाफे करावेत व त्यात भरपूर कुजलेले शेणखत मिसळावे.

सपाटीवर लागवड पावसाळा ओसरताच, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पूर्ण करावी. यामागे कारण आहे. दिवस लहान होऊ लागले की डेलियाचा कल कंद भरण्याकडे वळतो. उशिरा लावलेले झाड तोपर्यंत पुरेसे वाढलेले नसते. ते खुजे राहते आणि फुलांत पाकळ्या कमी पडून मधला पिवळा भाग उघडा दिसतो. अशा फुलाला गिऱ्हाईक नसते.

अभिवृद्धी

बियांपासून मातृझाडासारखे फूल मिळत नाही. बियांच्या पाकिटावरील चित्र पाहून बॉल डेलियाची अपेक्षा धरू नये. खात्रीच्या रोपवाटिकेतून जातिवंत कंद किंवा मुळ्या फुटलेली छाट कलमेच घ्यावीत.

कंद घेताना एक गोष्ट नीट तपासावी. बटाट्याला सर्वांगावर डोळे असतात, तसे डेलियाला नसतात. त्याचा डोळा कंद आणि जुने खोड जिथे जुळतात त्या मानेजवळच असतो. म्हणून कंद कितीही जाडजूड असला, तरी खोडाचा तुकडा व डोळा नसेल, किंवा मान मोडलेली असेल, तर तो उगवणार नाही. झुपका विभागतानाही प्रत्येक भागाला किमान एक डोळा येईल असे पाहावे.

जास्त रोपे हवी असतील तर ऑगस्टमध्ये कंद ओलसर वाळूत, सावलीत, मान उघडी ठेवून मांडावेत. कोंब तीन-चार इंच वाढले की धारदार, स्वच्छ पात्याने पेऱ्याखाली कापावेत, खालची पाने काढावीत आणि वाळूत लावावेत. पंधरा ते वीस दिवसांत मुळ्या फुटतात. एका चांगल्या झुपक्यापासून आठ-दहा छाट सहज मिळतात.

लागवड व खते

दोन ओळींत ६० सें. मी. आणि दोन झाडांत ४५ सें. मी. अंतर ठेवावे. एका गुंठ्यात रस्ते सोडून सुमारे ३०० झाडे बसतात. पहिल्या वर्षी मात्र एवढीही लावू नयेत. भाजीपाल्याच्या मळ्याला किंवा घरासमोरील बागेला ३० मीटर लांबीची कड असेल, तर तिथे एका ओळीत ६५ झाडे मावतात. सुरुवात तेवढ्यावरच करावी.

गुंठ्यास २५० ते ३०० किलो शेणखत द्यावे. माती परीक्षण पाहून लागवडीच्या वेळी साधारण ३ ते साडेतीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट व एक किलो म्युरेट ऑफ पोटॅश द्यावे. युरिया एकूण दीड किलोपेक्षा जास्त देऊ नये. तो दोन हप्त्यांत, लागवडीनंतर तीन आणि सहा आठवड्यांनी द्यावा. जादा नत्राने पाने हिरवीगार दिसतात, पण दांडा लुसलुशीत होतो आणि कंद साठवणीत लवकर कुजतात.

प्रत्येक झाडाला लागवडीच्या वेळीच बांबूची काठी रोवावी. नंतर रोवल्यास कंदाला इजा होते. पाणी वाफसा पाहून द्यावे.

शेंडा खुडणे व कळ्यांची विरळणी

रोपाला पानांच्या तीन-चार जोड्या आल्या की शेंडा खुडावा. त्यामुळे बगलफुटी येऊन फुलांचे दांडे वाढतात. पुढे प्रत्येक फांदीच्या टोकाला तीन कळ्या दिसतात. कटफ्लॉवरसाठी मधली कळी ठेवून बाजूच्या दोन्ही, वाटाण्याएवढ्या असतानाच, बोटाने काढाव्यात. बागेच्या कडेसाठी लावलेल्या झाडांची विरळणी नाही केली तरी चालते. तिथे वाळलेली फुले मात्र वरचेवर काढावीत, म्हणजे नवीन कळ्या येत राहतात.

कीड व रोग

मावा, फुलकिडे व लाल कोळी या प्रमुख किडी, तर भुरी हा प्रमुख रोग. माव्यासाठी पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे गंधक दहा लिटर पाण्यास २५ ग्रॅम प्रमाणात, उन्हाची वेळ टाळून फवारावे. जुन्या पुस्तिकांत लाल कोळीसाठी डायकोफॉल व भुरीसाठी डिनोकॅप सुचवलेले आढळते. केंद्र शासनाच्या २०२३ च्या आदेशाने या दोन्ही औषधांवर बंदी आली आहे. कोणी दिली तरी ती घेऊ नयेत.

पानांवर पिवळसर ठिपके व सुरकुत्या पडून झाड खुरटले, तर तो विषाणू रोग समजावा. त्यावर औषध नाही. असे झाड कंदासह उपटून नष्ट करावे. त्याचा कंद ठेवल्यास रोग पुढच्या वर्षी घरातूनच शेतात जातो.

काढणी व विक्री

डेलियाची कळी तोडल्यानंतर उमलत नाही. म्हणून फूल तीन-चतुर्थांश उमलल्यावर आणि मागच्या पाकळ्या टणक असतानाच, पहाटे लांब दांड्यासह कापावे. दांड्याचे टोक चटका बसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ते पाणी तासभर तसेच निवू द्यावे. नंतर फुले स्वच्छ पाण्याच्या बादलीत सावलीत ठेवावीत. अशी फुले फुलदाणीत चार ते सहा दिवस टिकतात.

झेंडू किलोवर जातो, डेलिया नगावर जातो, हे लक्षात ठेवावे. पोत्यात भरून तो मंडईत पाठवता येत नाही. बादलीत उभा ठेवूनच न्यावा लागतो. म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवावे, मग लागवड वाढवावी. आपली फुले साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत येतात. त्याच काळात लग्नसराई असते आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्राही भरते. सजावट करणारे, फुलविक्रेते, शाळा आणि कार्यालये यांच्याशी दिवाळीपूर्वीच बोलून ठेवावे. जिल्हा सुरत-भुसावळ लोहमार्गावर असल्याने सुरतही जवळ आहे, पण तिकडे नमुन्यादाखल थोडा माल पाठवून दर पाहावा.

कंदांची साठवण

आता सर्वांत महत्त्वाचे. फुले संपली की पाणी तोडावे. पाने पिवळी पडल्यावर खोड जमिनीपासून अर्धा फूट ठेवून कापावे. बुंध्यापासून एक फूट दूर खणून झुपका खालून उचलावा, खोड धरून ओढू नये. ओढल्यास माना मोडतात. प्रत्येक झुपक्याला रंगाची चिठ्ठी बांधावी. दोन-तीन दिवस सावलीत सुकवून मातीच्या मडक्यात किंचित ओलसर वाळूत किंवा नारळाच्या भुशात भरावेत. पत्र्याच्या खोलीत ठेवू नयेत. घरातील गार, हवेशीर कोपरा निवडावा. दर पंधरा दिवसांनी उघडून पाहावे. कुजलेले काढून टाकावेत, सुरकुतलेल्यांवर पाण्याचा हलका शिपका द्यावा. कुंडीतील झाडांचे कंद कुंडीतच सावलीत ठेवून मधूनमधून थोडे पाणी दिले तरी चालते.

सपाटीवर मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जातो. तोरणमाळचे पठार सुमारे ११५० मीटर उंचीवर असल्याने तिथला उन्हाळा सौम्य असतो. धडगाव तालुक्यातील बांधवांनी उन्हाळ्यात कंद सांभाळून ऑगस्टमध्ये छाट कलमे तयार करावीत आणि सपाटीवरील बांधवांनी ती घेऊन हिवाळ्यात फुले काढावीत, ही जोडी प्रयोग म्हणून करून पाहण्यासारखी आहे. यात डोंगरावरच्या कुटुंबाला रोपांचे उत्पन्न मिळेल आणि खालच्या शेतकऱ्याला बाहेरून बियाणे आणावे लागणार नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा बांधाची एक कड डेलियाला द्या. आलेल्या फुलांचा हिशोब लिहाच, पण जूनमध्ये मडके उघडल्यावर किती कंद जिवंत निघाले, तोही आकडा त्याच वहीत लिहा. पुढच्या वर्षी किती झाडे लावायची, हे त्यावरूनच ठरवा.