दुधाबरोबर हाडे विकू नका
(पाली, ता. जि. बीड येथील बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी आपण नेहमी जमतो. आज गोठ्याचा हिशेब मांडू. कापूस वर्षातून एकदा पैसा दाखवतो. मीठमिरची चालते ती दुधावर.

आमच्यापैकी एकाच्या दारची गोष्ट. तिसऱ्या वेताची म्हैस. नीट व्याली, वार पडली, धार भरपूर. तिसऱ्या पहाटे बसली ती उठेना. मान कुशीकडे वळलेली, कान गार. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले बाधा. घाईने तोंडात काढा ओतला, तो फुप्फुसात गेला. डॉक्टर येईपर्यंत म्हैस संपली. ती करणीने मेली नाही. रक्तातले कॅल्शियम संपले, त्यात आपल्या अडाणीपणाची भर पडली. या रोगाला दुग्धज्वर म्हणतात, पण त्यात अंग तापत नाही, गार पडते.

असे का होते? म्हशीच्या एक लिटर दुधातून दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जाते. चिकात त्याहून जास्त. आठ लिटर दूध म्हणजे पंधरा ग्रॅम. जनावराच्या सगळ्या रक्तात ते एका वेळी असते जेमतेम तीन ग्रॅम. बाकीचे कोठून येते? दावणीतून, दावणीत नसेल तर हाडांतून. शेळीचे तेच, दहा पिलांना पाजणाऱ्या डुकरिणीचेही तेच. आई आपली हाडे विरघळवून लेकराला पाजते, आणि आपण ते दूध मोजून विकतो.

आता आपली दावण पाहा. ज्वारीचा कडबा पोट भरतो, पण त्यात फॉस्फरस फार थोडा. सरकी पेंडीत फॉस्फरस भरपूर, तर कॅल्शियम थोडे. नुसत्या कडब्यावरचे जनावर चिंध्या, हाडे चघळते, माजावर येत नाही. फॉस्फरस फारच तुटला तर व्यालेली म्हैस कॉफीसारखे लाल मुतते. ही खोड नव्हे, भूक आहे.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात बीड जिल्ह्यातली जनावरे छावण्यांत उसावर जगली. वाढ्यावर तर आपली जनावरे दर हंगामात असतात. वाढ्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. म्हणून वाढे घालायचे तर त्यावर चुन्याची निवळी शिंपडा.

मग करायचे काय? दुभत्या म्हशीला किंवा गाईला रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण आणि मूठभर मीठ आंबोणातून द्या. शेळीला दहा ग्रॅम पुरे. किलोचा पुडा म्हशीला वीस दिवस जातो. पुड्यावर कॅल्शियम आणि फॉस्फरसचे टक्के छापलेले पाहा. नसतील तर पुडा परत करा. तूर-हरभऱ्याचे भुसकट जाळू नका. त्यात, शेवग्याच्या पाल्यात आणि लसूणघासात कॅल्शियम आहे.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण ध्यानात ठेवा. व्यायच्या आधीच्या दोन-तीन आठवड्यांत कॅल्शियमच्या बाटल्या पाजू नका. बाहेरून आयते मिळाले की हाडांतून काढायची सवय मोडते, आणि व्याल्यावर एकदम गरज पडली की शरीर फसते. व्याल्यावर मात्र हात आखडू नका. पहिले दोन दिवस धार पूर्ण आटवू नका, आणि वासराला चीक पोटभर पाजा.

जनावर बसलेच, तर तोंडात काही ओतू नका. दोन्ही बाजूंना पोती लावून त्याला छातीवर बसते ठेवा आणि डॉक्टरला बोलवा. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश द्यावी लागते. घाईने दिली तर हृदय बंद पडते. ते काम आपले नव्हे. वेळेत मिळाली तर तासा-दोन तासांत म्हैस उभी राहते.

दुधाचा उत्पादन खर्च काढताना आपण वैरण धरतो, पेंड धरतो. घरच्या बाईची मजुरी धरत नाही आणि म्हशीची हाडेही धरत नाही. जे हिशेबात येत नाही, ते भावात कसे येणार? आज घरी गेल्यावर पहिले काम करा. डेअरीचे कार्ड काढा, वीस दिवसांच्या दुधाचे पैसे एका बाजूला मांडा, एका पुड्याची किंमत दुसऱ्या बाजूला. आणि हा हिशेब धार काढणाऱ्या बाईसमोर बसून करा, कारण म्हैस बसणार आहे हे सगळ्यात आधी तिलाच कळते.