दोन डोळ्यांचा सिनेमा

पडद्यावरचे कार्टून पडद्यातून बाहेर येते, आपल्या नाकासमोर काहीतरी धरते, आणि शेजारी बसलेले लहान मूल ते घ्यायला हात पुढे करते. हा प्रकार थिएटरात पुष्कळांनी पाहिला असेल. काही घरांतून तो टीव्हीवरही पाहून झाला आहे. याला थ्री-डी, म्हणजे त्रिमिती चित्र म्हणतात. लांबी आणि रुंदी या दोन गोष्टी काचेवर असतातच. तिसरी जी खोली, ती मात्र काचेवर कोठेच नसते. ती आपल्या डोक्यात तयार होते. कशी, ते आज पाहू. त्यातच शिक्षक मंडळींच्या कामाची एक गोष्ट आहे, तीही सांगावयाची आहे.

आधी एक करून पाहा. ऐकता ऐकता करता येईल. एक बोट नाकासमोर वीतभर अंतरावर उभे धरा. डावा डोळा मिटा. मग तो उघडून उजवा मिटा. बोट मागच्या भिंतीवर इकडून तिकडे उडी मारते, होय ना? बोट हललेले नाही. आपल्या दोन डोळ्यांत साधारण ६ ते साडेसहा सेंटिमीटरचे अंतर आहे, म्हणून प्रत्येक डोळ्याला थोडे निराळे चित्र दिसते. मेंदू ही दोन चित्रे एकावर एक बसवतो आणि त्यांतला फरक पाहून वस्तू किती जवळ, किती लांब हे ठरवतो. सुईत दोरा ओवताना, उडालेल्या विटीवर दांडू मारताना हा हिशेब आपल्या नकळत चालू असतो.

इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीट्स्टन नावाच्या शास्त्रज्ञाने १८३८ साली ही गोष्ट जगापुढे मांडली. फोटोची कला तेव्हा जगजाहीर व्हावयाची होती. त्याने एकाच वस्तूची दोन रेखाचित्रे काढली, एक डाव्या डोळ्याला दिसेल तसे आणि एक उजव्या. दोन आरसे लावून ज्याचे चित्र त्याच डोळ्याला दाखवले, आणि सपाट कागदावरची वस्तू भरीव दिसू लागली. पुढच्या पावणेदोनशे वर्षांत यंत्रे बदलली, युक्ती तीच राहिली. डाव्याचे डाव्याला, उजव्याचे उजव्याला. मध्ये गफलत होता कामा नये. चष्मा हवा तो एवढ्यासाठीच.

अमेरिकेत १९५२ आणि १९५३ साली अशा चित्रपटांची मोठी लाट आली. डिस्नेने १९५३ मध्ये ‘मेलडी’ नावाचे छोटे त्रिमिती कार्टून काढले. हाताने काढलेल्या कार्टूनात पात्रे बहुधा पुठ्ठ्याची कापून निरनिराळ्या अंतरांवर उभी केल्यासारखी दिसत. खरी गोलाई आली ती संगणकावर चित्रे होऊ लागल्यावर. संगणकातले बाहुले आतून त्रिमितीच असते; त्याच्यापुढे एकाऐवजी दोन कॅमेरे मांडले की काम झाले. ‘टॉय स्टोरी’ हा १९९५ सालचा चित्रपट २००९ साली असाच दुसरा कॅमेरा मांडून पुन्हा त्रिमितीत आणला गेला. आपल्या देशात पहिला मान मल्याळममधील ‘माय डिअर कुट्टिचातन’ या १९८४ च्या चित्रपटाचा. तोच हिंदीत ‘छोटा चेतन’ म्हणून १९९८ साली आला.

मग हे घरात आले. ‘अवतार’ हा चित्रपट २००९ च्या डिसेंबरात निघाला, आणि २०१० मध्ये मोठमोठ्या कंपन्यांनी त्रिमिती टीव्ही बाजारात मांडले. त्या वर्षीच्या जागतिक फुटबॉल स्पर्धेतले २५ सामनेही तसे टिपले गेले. टीव्हीचे दोन प्रकार होते. एकात पडद्यावर डाव्या-उजव्या डोळ्यांची चित्रे पाळीपाळीने इतकी भराभर येत, की चष्म्याची एक काच मिटे तेव्हा दुसरी उघडे, आणि हे प्रत्येक डोळ्यासाठी सेकंदाला ६० वेळा चाले. चष्म्याला बॅटरी लागे. दुसऱ्यात पडद्याच्या एकाआड एक ओळी डाव्या आणि उजव्या डोळ्याला वाटून दिलेल्या असत; चष्मा थिएटरातल्यासारखा हलका आणि स्वस्त, पण १०८० ओळींपैकी प्रत्येक डोळ्याच्या वाट्याला ५४० च येत.

एवढे करूनही हा प्रकार घरात रुजला नाही. सॅमसंगने २०१६ मध्ये, तर एलजी व सोनी यांनी २०१७ मध्ये असे टीव्ही काढणे थांबवले. ज्यांच्याकडे जुना टीव्ही चालू आहे ते आजही त्रिमिती डिस्क लावून पाहू शकतात. लोक म्हणतात, चष्म्याचा कंटाळा आला. ते खरे, पण मला वाटते त्याहून मोठे कारण आपल्या घरांच्या रीतीत आहे. थिएटरात माणूस तीन तास सरळ बसतो. घरी कोणी लवंडलेला असतो, कोणी भाजी निवडीत असतो, कोणी दारातून डोकावतो. त्रिमिती चित्राला दोन्ही डोळे आडव्या रेषेत लागतात. उशीवर डोके कलते केले, की दोन चित्रांचा मेळ तुटतो आणि एकाची दोन दिसू लागतात. चष्म्यामुळे उजेड निम्म्याहून कमी होतो. शिवाय घरात चार चष्मे आणि पाचवा पाहुणा आला तर? काहींचे डोकेही दुखे, कारण डोळे नजर रोखतात पडद्यावर आणि वळतात मात्र पडद्याच्या पुढे तरंगणाऱ्या चित्राकडे. थोडे थांबून विसावा घेतला की हा त्रास बहुधा ओसरतो.

आता मुख्य गोष्ट. १९५३ साली ‘हाउस ऑफ वॅक्स’ नावाचा त्रिमिती चित्रपट फार गाजला. त्याचा दिग्दर्शक आंद्रे द तोथ याला एकच डोळा होता! आपल्या चित्रपटातली खोली त्याला स्वतःला दिसणे शक्य नव्हते. तरी तो अंतरांचा अंदाज घेत असणारच, कारण एका डोळ्यालाही पुष्कळ खुणा मिळतात. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते, लांबची लहान दिसते, सावली पडते, मान हलवली की जवळचे जास्त सरकते. एवढ्यावर माणूस जन्म काढू शकतो.

आणि नेमके हेच मुलांच्या बाबतीत घातक ठरते. काही मुलांचा एक डोळा तिरळा असतो, किंवा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार मोठा असतो. मेंदू त्या डोळ्याचे अंधुक चित्र हळूहळू बाजूला टाकतो. त्याला आळशी डोळा म्हणतात. मूल तक्रार करीत नाही, कारण दोन डोळ्यांचे पाहणे म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नसते. चांगल्या डोळ्यावर ते फळा वाचते, पळते, खेळते. असे मूल त्रिमिती कार्टून पाहताना म्हणते, “मला तर काहीच बाहेर आलेले दिसत नाही,” आणि बाकीची पोरे त्याला हसतात. हसू नये. वेळेवर चष्मा दिला, चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी बांधली, तर दुबळा डोळा कामाला लागतो. हा उपाय सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर उत्तम. जितका उशीर तितके यश कमी.

यासाठी शाळेत त्रिमिती टीव्ही नको. तांबडा आणि निळा जिलेटिन कागद आणि पुठ्ठा घ्या, चष्मा करा. तांबडा डाव्या डोळ्यावर, निळा उजव्यावर. पांढऱ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीने चौकोन काढा, आणि तेवढाच निळा चौकोन चार-पाच मिलिमीटर उजवीकडे सरकवून काढा. तांबड्या कागदातून तांबडी रेघ नाहीशी होते आणि निळी काळी दिसते, निळ्यातून उलट. दोन्ही डोळ्यांनी पाहिले की चौकोन कागदाच्या वर एक-दोन बोटे उचललेला दिसतो. निळा डावीकडे सरकवला तर तो खाली गेलेला दिसेल. पोरांना हा खेळ फार आवडतो. ही अर्थात डॉक्टरी तपासणी नव्हे. जिलेटिनचा रंग फिका असला तरी खेळ फसतो.

खरी परीक्षा साधी आहे आणि ती बहुतेक वेळा चुकीची घेतली जाते. अक्षरांचा तक्ता ६ मीटरवर लावतात, आणि मूल दोन्ही डोळे उघडे ठेवून धडाधड वाचते. दुबळा डोळा यात सापडत नाही. एकेक डोळा झाकूनच वाचावयास लावा. तेही बोटांनी नव्हे, कारण मुले फटीतून पाहतात. तळहात किंवा पुठ्ठा धरा, डोळा दाबू नका.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. त्यांना अशा मुलांची नावे आधीच काढून ठेवलेली मिळाली तर काम सोपे होते. मूल लहान असेल तर पथकाची वाट न पाहता आईबापांना सांगून जेथे डोळे तपासतात त्या रुग्णालयात पाठवावे. चिठ्ठीत लांबलचक काही लिहू नये. “उजवा डोळा झाकल्यावर याला तक्त्याच्या खालच्या ओळी वाचता येत नाहीत,” एवढे लिहिले तरी डॉक्टरांना पुरते.