बेताच्या पैशांत श्रवणसुख

दक्षिण दिल्लीतील आर. के. पुरम, म्हणजेच रामकृष्णपुरम, ही मुख्यतः केंद्र सरकारच्या नोकरवर्गाची वसाहत. येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: बदलीचा हुकूम आला की बिऱ्हाड उचलायचे. अशा घरात गाणे चांगले ऐकू यावे अशी इच्छा झाली, तर खर्च बेताचा हवा आणि सामान सहज हलवता येण्याजोगे हवे.

एकाच पेटीत सारे काही बसवलेले यंत्र दिसायला सोयीचे. परंतु त्यातला एक भाग बिघडला की पुष्कळदा सारी पेटीच अडगळीत जाते. त्यापेक्षा ॲम्प्लिफायर, स्पीकर आणि रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र अशी सुटी जुळणी बरी. तिच्यात नव्याजुन्याचा संसार सुखाने चालतो. नियम एकच पाळावा: जे लवकर झिजते ते नवे घ्यावे, जे टिकते ते पारखून जुने घ्यावे.

30 हजार रुपयांचा संकल्प धरला, तर निम्मी रक्कम स्पीकरांसाठी ठेवावी, कारण आवाजाचे खरे रूप तेथेच ठरते. उरलेल्यातून जुना ॲम्प्लिफायर घ्यावा आणि थोडी शिल्लक दुरुस्तीसाठी राखावी. लहान खोलीला 20 वॉट पुरेसे होतात. शिवाय ज्या स्पीकरची संवेदनक्षमता 3 डेसिबलने अधिक, त्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी शक्ती लागते. तेव्हा वॉटांच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये.

जुन्या मालासाठी लाल किल्ल्यासमोरचे लजपतराय मार्केट पाहावे. आर. के. पुरमहून मेट्रोने निघून कालकाजी मंदिर येथे गाडी बदलली की थेट लाल किल्ल्याच्या स्थानकावर उतरता येते. जाताना आपल्याला तोंडपाठ असलेले एखादे गाणे बरोबर न्यावे आणि तेच लावून ऐकावे. स्पीकर एकेक करून वाजवावा. त्याच्या शंकूची कड फोमची असेल तर ती काही वर्षांनी भुगा होऊन गळते. रबराची अधिक टिकते. शंकू दोन्ही बाजूंनी बोटांनी अलगद दाबावा. आत खरखर लागली तर तो स्पीकर नाकारावा. ॲम्प्लिफायरची कळ फिरवताना होणारी चरचर बहुधा धुळीची असते, ती साफ होते. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल, तर आतले कपॅसिटर वाळले असण्याचा संभव असतो. ते बदलता येतात, पण तो खर्च किमतीतून वजा करून मागावा.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. पुष्कळ मराठी घरांतून बालगंधर्वांच्या, हिराबाई बडोदेकरांच्या 78 फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या अजून जपून ठेवलेल्या असतात. यंत्र जुने चालेल. सुई मात्र नवीच हवी. झिजलेली सुई तबकडीची खाच कोरत जाते, आणि एकदा गेलेला स्वर पुन्हा भरून येत नाही. शिवाय 33⅓ फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या सुईपेक्षा 78 ची सुई सुमारे तिप्पट जाड लागते, आणि आजची बरीच यंत्रे 78 च्या गतीने फिरतही नाहीत. हे दोन्ही पाहिल्याशिवाय आजोबांची तबकडी यंत्रावर ठेवू नये. दोनचार हजार वाचवण्याच्या नादात, जे कोणत्याही बाजारात मिळणार नाही ते आपण गमावून बसू.

शेवटचा उपाय फुकटचा आहे. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नयेत. तेथे खर्ज घुमतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण साधावा, वरचा लहान स्पीकर कानाच्या उंचीवर आणावा, जमिनीवर सतरंजी अंथरावी आणि खिडकीला जाड पडदा लावावा. एवढ्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा महागड्या यंत्रानेही पडत नाही.

तबकड्या नसतील त्यांनी भ्रमणध्वनी ॲम्प्लिफायरला जोडावा. आकाशवाणीची ‘रागम’ ही 2016 साली सुरू झालेली शास्त्रीय संगीताची वाहिनी त्यावरून ऐकता येते. तिला वेगळा खर्च नाही. बदली झाली तर चार खोक्यांत सारे मावते. आणि न्यायचे नसेल, तर शेजारच्या ब्लॉकमध्ये नव्याने आलेल्या बिऱ्हाडाला द्यावे. चांगला स्पीकर दुसऱ्या घरीही तितक्याच इमानाने गातो.