दोन तेवीस एप्रिल



मी गोदी कामगार. पाळी संपवून थेट इथं आलोय. आज बोलायचंय मिस्टी इन रूट्सबद्दल. पश्चिम लंडनच्या साउथॉलमधला, रेगे गाणारा काळ्या पोरांचा बँड.

पण आधी एक कडू गोष्ट. एप्रिल १९६८ मध्ये इनॉक पॉवेल या खासदारानं बाहेरून आलेल्या काळ्या-सावळ्या माणसांविरुद्ध गरळ ओकली. २३ तारखेला लंडनचे हजारेक गोदी कामगार त्याच्या बाजूनं पार्लमेंटवर चालत गेले. गोदी कामगार! माझ्यासारखेच, हाताला घट्टे पडलेले. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. घामाचा वास एक म्हणून माणसं एक होत नाहीत. एकी घडवावी लागते.

मिस्टीनं ती घडवली. साउथॉल म्हणजे पंजाबी मजुरांची वस्ती, शेजारी कॅरिबियन. तिथं या पोरांनी 'पीपल युनाइट' ही सहकारी संस्था चालवली. 'द रट्स' या गोऱ्या पंक पोरांची पहिली रेकॉर्ड १९७९ मध्ये हिनंच काढली. 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'च्या मंचांवर मिस्टी पुन्हा पुन्हा गात राहिली.

मग २३ एप्रिल १९७९. वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटनं साउथॉलच्या टाउन हॉलमध्ये निवडणुकीची सभा लावली. हजारो लोक विरोधात रस्त्यावर आले. ब्लेअर पीच हा गोरा शिक्षक डोक्यात फटका बसून मेला. पीपल युनाइटच्या घरात पोलीस घुसले, वाद्यं फोडली. मॅनेजर क्लॅरेन्स बेकरची कवटी फुटली, तो कोमात गेला. पुढं वाचला. २०१० मध्ये पोलिसांचाच दडवलेला अहवाल बाहेर आला: पीचला बहुधा पोलिसानंच मारलं. शिक्षा? कुणालाच नाही.

बँड मात्र थांबला नाही. बेल्जियममधल्या कार्यक्रमाची रेकॉर्ड आपल्याच लेबलवर काढली. बीबीसीवर जॉन पीलनं ती उचलून धरली. १९८२ मध्ये ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या झिंबाब्वेत जाऊन गायले. १९८३ मध्ये 'अर्थ', १९८५ मध्ये 'मुसी-ओ-टुन्या', पार २००२ मध्ये 'रूट्स कंट्रोलर'.

मी कविता लिहितो. वाटायचं, शब्द जळजळीत असले की झालं. मिस्टीनं शिकवलं: गाण्याला घर लागतं, आपली रेकॉर्ड आपणच काढावी लागते, आणि शेजाऱ्यालाही दार उघडं ठेवावं लागतं. म्हणून तर पोलिसांनी आधी वाद्यं फोडली.

तारीख एकच. एका तेवीस एप्रिलला कामगार द्वेषामागं चालला. दुसऱ्या तेवीस एप्रिलला पंजाबी, कॅरिबियन, गोरा यांनी एकत्र लाठ्या खाल्ल्या.

आपण कुठल्या तेवीस एप्रिलचे? बोला!