ख्रिस्ती वर्षाचा पाडवा

कोल्हापुरांत वर्षारंभाचे दिवस कोणते, असें विचारल्यास चैत्रांतील पाडवा, व्यापाऱ्यांचा दिवाळीचा पाडवा आणि १ जानेवारी ही उत्तरें चटकन् मिळतील. परंतु याच नगरांतील ख्रिस्ती उपासनामंदिरांत नवें वर्ष नोव्हेंबर सरतां सरतां सुरू होतें, हें शेजाऱ्यांनाहि बहुधा ठाऊक नसतें.

या वर्षारंभास आगमनकाल म्हणतात. नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा हा काल. पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येतो. त्यामुळें हा काल कधीं २२, तर कधीं २८ दिवसांचा भरतो. नाताळ २५ डिसेंबर ही तारीख सोडीत नाहीं; अंबाबाईच्या देवळांतील किरणोत्सवाप्रमाणें तो सूर्याच्या गणनेनें चालतो. पुनरुत्थानाचा सण ईस्टर मात्र वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेमागून येणाऱ्या रविवारीं पाळतात. म्हणून तो २२ मार्चपासून २५ एप्रिलपर्यंत मागेंपुढें होतो. सूर्यचंद्रांचा मेळ घालण्याची जी खटपट आपल्या पंचांगकर्त्यांना करावी लागते, ती तेथेंहि चुकली नाहीं.

श्रोत्यांस नवल वाटेल तें हें कीं, या वर्षाचा आरंभ उत्सवानें होत नसून वाट पाहण्यानें होतो. अनेक मंदिरांत वेदीवर जांभळें वस्त्र घालतात. तो आत्मपरीक्षणाचा रंग होय. दर रविवारीं एक मेणबत्ती अधिक पेटवितात. हांबुर्ग येथील योहान विखर्न या धर्मोपदेशकानें १८३९ सालीं आपल्या आश्रमांतील मुलांना नाताळाचे दिवस मोजतां यावेत म्हणून गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसविल्या. आजचें चार दिव्यांचें कडें त्यांतूनच आलें.

कोल्हापुरांत मात्र ही रीत आरंभापासूनची मानतां येत नाहीं. १८५२ सालीं रॉयल गोल्ड वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी येथें आले, आणि त्यांचें कार्य पुढें प्रेस्बिटेरियन मंडळाकडे गेलें. या पंथाच्या पूर्वजांना सणवारांचें वावडें होतें. स्कॉटलंडांत १५६० च्या धर्मसुधारणेनंतर नाताळावरहि आक्षेप घेण्यांत आला. शास्त्रांत आज्ञा नाहीं, तो दिवस माणसानें पवित्र ठरवूं नये, रविवार तेवढा पुरे, असें त्यांचें म्हणणें. हा आक्षेप पोकळ नव्हता. तिथीचें स्तोम माजलें कीं अंतःकरणाचें व्रत मागें पडतें, हा अनुभव कोणत्या धर्मास नाहीं?

तरीहि पंचांगानें एक काम केलें, जें वादविवादाला साधलें नव्हतें. २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा निरनिराळ्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. त्यांत सणांचें चक्र काटेकोर पाळणारे अँग्लिकन होते, तसेच प्रेस्बिटेरियन वारसा सांगणारेहि होते. तो दिवस आगमनकालाचा पहिला रविवार होता. या संयुक्त मंडळीचा एक धर्मप्रांत आज कोल्हापुरास आहे.

दिवस स्वतः पवित्र नसतो, हें जुन्या सुधारकांचें म्हणणें खोटें ठरलें असें नव्हे. पण एकटा मनुष्य फार काळ वाट पाहूं शकत नाहीं; त्याला सोबत लागते, आणि सोबतीसाठीं दिवस ठरवावाच लागतो. पहिल्या रविवारीं चारांपैकीं एकच दिवा लागतो. उरलेले तीन घाईनें न पेटवितां सर्वांनीं मिळून पुढच्या रविवारची वाट पाहावी, एवढेंच त्या दिवशींचें व्रत.