डावा हात राखून ठेवा

मुंबई-गुजरातहून आलेले सर्जन आणि किडनीचे डॉक्टर, तंत्रज्ञ, सिस्टर आणि पुढच्या रांगेत मुद्दाम बसवलेली आमची डायलिसिसवाली मंडळी,

मसोलीत आपलं मनापासून स्वागत. मी चिकूवाला माणूस. समितीच्या या पदावर बसलो तो थोरल्या भावामुळे. अण्णांनी सहा वर्षं मशीनवर काढली. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास.

मनगटाजवळ धमनीला शीर जोडायची युक्ती न्यूयॉर्कच्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली जगापुढे मांडली. तोच आपला फिस्तुला. अण्णांचा पहिला फिस्तुला चाललाच नाही. आम्ही सर्जनला बोल लावला. त्यांनी शांतपणे अण्णांचा डावा हात उजेडात धरला. वर्षभर आधी एका दवाखान्यात त्याच हाताला आठ दिवस सलाईन लावलं होतं. शीर सुतळीसारखी कडक झाली होती. नाव घेत नाही. सलाईनला हात पुढे करणारे आम्हीच होतो.

दुसरा फिस्तुला कोपराजवळ केला. तो धरला. वहिनी रोज चहाआधी त्यावर दोन बोटं ठेवायची. मांजर घुरघुरावं तशी थरथर बोटांना लागली की मगच गॅस पेटायचा.

शीर दोन-अडीच मिलिमीटरची तरी हवी, मधुमेहात धमनीच्या भिंतीत चुना साचतो, गळ्याखालच्या नळीने आतली मोठी शीर अरुंद होते, प्रेशर पडलं की रक्त गोठतं, हे सगळं दोन दिवस आपण बोलालच. माझा हट्ट एवढाच, की निम्मा निकाल ऑपरेशनच्या टेबलाआधी लागतो. क्रिएटिनिन चढू लागलं की कमी वापरातला हात राखून ठेवायचा. सुई टोचायचीच तर पंजाच्या पाठीवर. हे तलासरीच्या पाड्यापर्यंत आशाताईंच्या तोंडून पोचलं पाहिजे, तेही वारलीत. ते काम आमच्या समितीने अंगावर घेतलंय. आणि फिस्तुला झाल्यावर सहा आठवडे धीर धरा हो! घाईने सुई घातली की हात सुजून काळानिळा पडतो. पिकला की नाही, ते सोनोग्राफीवाले सांगतील. आम्ही चिकू नखाने खरवडून बघतो. खाली हिरवं दिसलं तर हात लावत नाही.

मागच्या टेबलावर करंड्या ठेवल्यात. डावीकडचे मऊ आहेत, ते खा. उजवीकडचे आज सकाळीच उतरवलेत, ते घरी न्या.