भाव आणि मोल

सोन्याचा डाग घेण्यास निघालेला गृहस्थ सराफाकडे तो कसाला लावून पाहतो, वजन करून घेतो, घडणावळीबद्दल घासाघीस करतो आणि मगच पैसे मोजतो. घर घ्यावयाचें असेल तर कागदपत्रें वकिलाकडून तपासून घेतो. परंतु तोच गृहस्थ निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली पुंजी, एखाद्या कंपनीचा शेअर चढत आहे एवढेंच ऐकून, एका दुपारीं त्यांत घालण्यास तयार होतो. त्यानें भाव विचारलेला असतो. मोल तपासलेलें नसतें. भाव बाजारांत कळतो. मोल मात्र ज्याचें त्यानें हिशेब मांडून ठरवावें लागतें, आणि हा हिशेब साधारण शिकलेल्या मनुष्याच्या आवाक्यांतला आहे.

भाव आणि मोल ह्यांतील अंतर विसरल्यानें काय होतें, हें मुंबईनें एकदां पाहिलें आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. नव्या पेढ्या, नव्या बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचे शेअर दर्शनी किंमतीच्या कितीतरी पट भावानें विकले गेले. आणि जी जमीन विकून नफा व्हावयाचा, ती बहुतांशीं पाण्याखालींच होती! बाँबे बँकेनें तर शेअरांच्या तारणावर कर्जें दिलीं. १८६५ सालीं युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला आणि त्यामागोमाग शेअरहि कोसळले. १८६८ सालीं बाँबे बँकेस गाशा गुंडाळावा लागला. लढाई संपल्यावर ही कंपनी काय मिळवील, हा एक प्रश्न वेळींच विचारला गेला असता, तर अनेक घरें वाचलीं असतीं.

हा प्रश्न पद्धतशीर रीतीनें कसा विचारावा, हें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांतील बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड ह्यांनीं १९३४ सालीं ‘सिक्युरिटी ॲनॅलिसिस’ ह्या ग्रंथांत मांडलें. १९२९ सालीं न्यूयॉर्कचा बाजार कोसळला, त्याची झळ खुद्द ग्रॅहॅम ह्यांसहि लागली होती.

आरंभ रोख्यापासून करावा. त्याचा हिशेब सोपा. ऐकणाऱ्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतल्यास पुढील आंकडे सहज ध्यानांत येतील. रोखा घेणारा हा सावकार होय. समजा, सरकारी रोख्याची दर्शनी किंमत १००० रुपये, व्याज सालाचे ७० रुपये आणि मुदत १० वर्षें आहे. उद्यां तसेच नवे रोखे शेंकडा ८ व्याजानें निघूं लागले, तर जुन्या रोख्यास १००० रुपये कोण देईल? वर्षाकाठचे ७० रुपये आणि शेवटचें मुद्दल मिळून शेंकडा ८ पडतील इतकाच भाव घेणारा देईल, आणि तो होतो सुमारें ९३३ रुपये. हाच रोखा वर्षभरांत फिटणारा असता, तर भाव ९९१ च्या आसपास राहिला असता. मुदत जितकी लांब, तितका हेलकावा मोठा. मुदत संपेपर्यंत थांबूं शकणाऱ्यास मुद्दल पुरतें मिळतें. मुलांच्या शिक्षणासाठीं मध्येंच विकणाऱ्याच्या पदरीं तूट येते. कंपनीच्या रोख्यांत आणखी एक गोष्ट पाहावी: व्याज देण्यापूर्वींचा नफा त्या व्याजाच्या किती पट आहे? पांचपट असेल तर एखादें वाईट वर्ष निभावतें. जेमतेम सव्वापट असेल, तर जादा व्याजाचें आमिष हें धोक्याचें चिन्ह समजावें.

शेअर घेणारा हा भागीदार होय. त्याला ठराविक रकमेचें वचन कोणीं दिलेलें नसतें. म्हणून धंद्याची मिळकत त्यालाच पाहावी लागते. भाव ४०० रुपये आणि दर शेअरामागें वार्षिक नफा २० रुपये असेल, तर शेअर नफ्याच्या २० पट भावानें विकला जात आहे. म्हणजे गुंतविलेल्या १०० रुपयांमागें धंदा आज ५ रुपये मिळवीत आहे. सरकारी रोखा ७ देत असतां ५ वर समाधान मानणारा मनुष्य नफा पुढें वाढेल असें गृहीत धरतो. त्यास आधार काय? त्यासाठीं आठ-दहा वर्षांचे ताळेबंद पाहावे. मंदीच्या वर्षीं नफा किती उरला? कर्ज वाढत आहे काय? कागदावरील नफा रोखीनें तिजोरींत येतो, कीं उधारींत आणि न खपलेल्या मालांत अडकून पडतो? जमीन विकून एकदांच झालेला लाभ नेहमींच्या नफ्यांत मिसळला आहे काय? ह्यांचीं उत्तरें कंपनीच्या वार्षिक अहवालांत, बहुधा मागील पानांवरील बारीक टिपांत, सांपडतात.

इतकें करूनहि निघणारा आंकडा अंदाजच असतो. गाडी दहाची असली तर शहाणा मनुष्य पावणेदहालाच स्थानकावर पोहोंचतो. तसेंच, ज्या शेअराचें मोल ४०० ते ५०० च्या दरम्यान वाटतें, तो ३०० ला मिळाल्यास घ्यावा. ४९० ला घेऊं नये. ह्या राखीव अंतरावर ग्रॅहॅम ह्यांचा विशेष भर होता.

ज्यास एवढी सवड नाहीं, त्यानें तसें ओळखून वागणें हेंहि शहाणपणच. रिझर्व्ह बँकेनें २०२१ सालीं सुरू केलेल्या योजनेमुळें सामान्य कुटुंबासहि सरकारी रोखे थेट घेतां येतात. दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरांत घालूं नये, आणि कर्ज काढून तर शेअर मुळींच घेऊं नयेत. १८६५ सालीं मुंबईंत पुष्कळांचा घात उसन्या पैशानेंच झाला. इतरांनीं वहीच्या पानावर दोन रकाने आंखावे: एकांत आजचा भाव, दुसऱ्यांत स्वतः काढलेलें मोल आणि त्याचीं कारणें. दुसरा रकाना भरेपर्यंत पैसा बँकेंतच राहूं द्यावा.